धुळीमागचं वळण

मल्लिनाथचा आवाज चांगला आहे, हे मी आजही नाकारत नाही. कुस्त्या असोत, कबड्डी असो, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाचा सत्कार असो, लातूरपासून नांदेडपर्यंत जिथं माइक तिथं मल्लिनाथ. गाडीतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नाही. क्लच कुठल्या हाताला असतो असं विचारलं तर तो आधी आपले दोन्ही हात बघेल. पण एकदा बोलायला लागला की लोक ट्रॅककडे बघायचं सोडून कर्ण्याकडे बघतात. माझं वाटोळं या आवाजानं केलं, आणि तेही ट्रॅककडे न बघता केलं.

मी आदर्श गजभारे, मुदखेडचा. मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवणं हा माझा धंदा आहे. धंदाच म्हणायचा, कारण टीम त्याचा पगार देते. गेल्या वर्षीपर्यंत माझी एक बरी टीम होती आणि पुण्याच्या एका मोठ्या टीमनं मला चाचणीला बोलावलं होतं. आई विहारात जाऊन सगळ्यांना सांगून आली होती की पोरगं पुण्याला चाललंय. मग लातूरची रेस आली.

तिचे आयोजक आप्पासाहेब. शिरूर अनंतपाळकडं मोठी शेतीवाडी, दोन पेट्रोल पंप आणि शिवशंकर नावाचा एकुलता एक मुलगा. शिवशंकर माझ्याच गटात पळतो. पिवळी जर्सी, पिवळं हेल्मेट, नंबर सात. खोटं कशाला बोलू, चांगला पळवतो. त्याला जिंकायला घाण करायची गरज नसते आणि तरी तो करतो, याचाच मला जास्त राग येतो.

रेस सुटण्याआधी मल्लिनाथ रेषेवर एकेकाचं नाव पुकारत आला. 'आप्पासाहेबांचे चिरंजीव, शिरूर अनंतपाळचा ढाण्या वाघ, शिवशंकर!' पुढच्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव, सगळं आवाज चढवून. माझ्यापाशी आला तेव्हा नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं, माइक तोंडाशी नेला आणि म्हणाला, 'आणि हा बावीस नंबर.' संपलं. पुढं गेला. मी हेल्मेटची काच खाली ओढली. अशा गोष्टींची आम्हाला सवय असते, आणि ती सवय आहे याचाही राग येतो, पण रेस सुटायला आली की राग बाजूला ठेवावा लागतो.

आता वळणाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वळणावर दुसऱ्याला मागं टाकायचं असेल तर आतल्या बाजूनं घुसावं लागतं. त्यात वाईट काही नाही, मीही घुसतो. फक्त घुसल्यावर वळायचं असतं. आत घुसलेला वळलाच नाही, सरळच गेला, तर बाहेरच्या गाडीला जागा उरत नाही आणि तिच्यावरचा रायडर पाटीवरच्या अक्षरासारखा पुसला जातो. हे चुकून होत नाही. वळायचं नाही हे आधी ठरवावं लागतं.

शेवटच्या फेरीत मी पुढं होतो. स्टेजपासून सगळ्यात लांबचं जे वळण, तिथं टँकरचं पाणी पोचलेलं नव्हतं आणि काळ्या रानाची धूळ भिंतीसारखी उभी होती. तिथं शिवशंकर माझ्या आत घुसला आणि वळला नाही. त्याच्या गाडीचं फूटरेस्ट माझ्या नडगीत गेलं. मी ट्रॅकबाहेरच्या ढेकळांत जाऊन पडलो, पालथा, तोंड मातीत. गाडी बंद पडल्यामुळं कर्ण्याचा आवाज एकदम स्वच्छ ऐकू आला.

"घाण केली, बावीस नंबरनं घाण केली! आपला शिवशंकर सरळ चालला व्हता, ह्योच आडवा घुसला! घुसायची लायकी न्हाई अन् घुसतोय! अन् आता बगा, धरणीमायच्या पाया पडून राहिला!"

सगळं मैदान हसलं. माझं हाड कातडीतून बाहेर आलं होतं आणि मैदान हसत होतं.

पुढं चौकशी झाली. शिवशंकरनं सांगितलं, आडवा घुसला तो आदर्शच. त्या वळणावरचा झेंडेवाला आप्पासाहेबांच्याच पंपावरचा माणूस, त्याला म्हणे धुळीत काही दिसलं नाही. स्टेजच्या छतावर एकच कॅमेरा होता, त्यात नुसती धूळ. तेव्हा पंचांनी मोबाइलवर गेलेल्या लाइव्ह प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग लावलं, धुळीकडं बघत मल्लिनाथचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, यात स्पष्टच आलंय की. धोकादायक गाडी चालवल्याबद्दल मला एका वर्षाची बंदी. मी दवाखान्यात पायात रॉड घालून पडलेलो. माझी बाजू मांडायला आई मुदखेडहून लातूरला गेली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. वर पंचांनी नियमच करून टाकला की यापुढं तक्रार आली तर लाइव्ह रेकॉर्डिंग हाच पुरावा. म्हणजे मल्लिनाथ बोलेल ते घडलं, आणि तो बोलला नाही ते घडलंच नाही.

टीमनं मला सोडलं. पुण्याहून निरोप आला की दुसऱ्याला पाडणारा रायडर आम्हाला नको. पडलो मी, आणि पाडणाराही मीच. तो 'पाया पडून राहिला'चा तुकडा कुणीतरी गाणं लावून मोबाइलवर सोडला. मुदखेडच्या बाजारात भाजीवाला, स्टेशनवरचा चहावाला, सगळे मला विचारायचे, काय आदर्श, पाया पडून झालं का? मीही हसायचो. हसताना दात असे आवळायचो की रात्री जबडा दुखायचा.

आई माझी, सरजाबाई, अंगणवाडीत मदतनीस. मुंगी दिसली तरी झाडू बाजूला घेणारी बाई. "राग धरू नको रे बाबा," म्हणायची. "राग म्हंजी इस्तू. मुठीत धरल्यावर कुनाचा हात भाजतंय?"

"भाजू दे," मी म्हणायचो.

खरंच सांगतो, त्या वर्षात मी दुसरा विचार केला नाही. काठीवर चालायला शिकलो ते शिवशंकरला पाडायचं म्हणून. काठी टाकली ती शिवशंकरला पाडायचं म्हणून. पण नुसतं पाडून भागणार नव्हतं. त्याला पाडलं असतं तर मल्लिनाथ बोंबलला असता, पंचांनी ऐकलं असतं आणि मी जन्मभरासाठी घरी बसलो असतो. तेव्हा पाडायचं अशा रीतीनं की मल्लिनाथनंच शाबासकी द्यावी. हे कसं करायचं ते सुचायला मला बराच वेळ लागला, आणि सुचलं तेव्हा मी एकटाच खोलीत मोठ्यानं हसलो. आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

मल्लिनाथ नंबर बघत नाही. इतक्या लांबून, चिखलात, नंबर दिसतही नाही. तो रंग बघतो. पिवळा दिसला की वाघ, बाकी सगळी मेंढरं. हे मी जुनी रेकॉर्डिंगं पुन्हा पुन्हा ऐकून ओळखलं होतं.

बंदी संपली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विचारलं ते नागप्पानं. नागप्पा देगलूरकडचा, नांदेडला टायरचं दुकान, स्वतःची छोटी टीम. मराठी बोलता बोलता मधेच कानडी शब्द टाकतो. त्याच्याकडं मी एकच अट घातली, नवी जर्सी आणि हेल्मेट पिवळं पाहिजे.

"याक? कामून पिवळंच?" नागप्पा म्हणाला. "शिवशंकरचा रंग हाय तो."

"रंग काय त्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर हाय का?"

नागप्पानं नियमांचं पुस्तक उघडून बघितलं. नंबर कुठं हवा, किती मोठा हवा, सगळं होतं, रंगाबद्दल अक्षर नव्हतं. त्यानं पुस्तक मिटलं. "आदर्श, तू काहीतरी वंगाळ करणार हायस," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. त्यानं जर्सी शिवायला टाकली.

यंदाची रेस नांदेडला, लोह्याच्या रस्त्यावरच्या एका रानात. आयोजनात आप्पासाहेब होतेच. पंच मात्र बदलले होते, कारण लातूरनंतर दोन-तीन टीमनी कुरकुर केली होती. नवीन मुख्य पंच वर्षाराणी मॅडम, उदगीरच्या. तरुणपणी स्वतः रॅली पळवलेल्या, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. मी त्यांना ओळखत नव्हतो आणि त्यांच्यावर माझा काही भरवसाही नव्हता.

सकाळच्या फेऱ्या मी जुन्या निळ्या जर्सीत पळवल्या. मल्लिनाथनं मला दोनदा 'निळा बावीस नंबर' म्हटलं. दुपारी अंतिम रेस. आई स्टेजच्या समोर दोरीपाशी येऊन उभी होती, नको म्हटलं तरी आली होती. रेषेवर जायच्या आधी मी तंबूत जाऊन निळी जर्सी काढली आणि पिवळी चढवली. रेषेवर कोण कशात आलाय हे बघायला मल्लिनाथला सवडच नव्हती. तो स्टेजवर पाहुण्यांना फेटे बांधत होता. शिवशंकरनं मात्र बघितलं. मान वळवून माझ्या जर्सीकडं, मग माझ्या डोळ्यांकडं बघितलं. त्याला वाटलं मी त्याची नक्कल करतोय, आणि तो हसला.

पहिल्या वळणावर टँकरवाल्यानं इतकं पाणी ओतलं होतं की काळ्या मातीचा राडा झाला होता. तिथं जो आधी पोचेल त्याचे कपडे स्वच्छ राहणार आणि मागच्यांच्या अंगावर सगळा चिखल येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. काठी टाकल्यापासून मी सुरुवातीचाच सराव केला होता. झेंडा पडला आणि मी सगळ्यांच्या आधी वळणावर पोचलो. शिवशंकरला सुरुवात साधली नाही. चार गाड्यांनी उडवलेला चिखल त्याच्या हेल्मेटवर, छातीवर, पाठीवर बसला. पहिली फेरी संपता संपता ट्रॅकवर एकच पिवळा उरला, आणि तो मी होतो.

पुढं मल्लिनाथ काय बोलला ते मी नंतर ऐकलं. हेल्मेटात इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही. पण ते रेकॉर्डिंग मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते सगळं त्याच वेळी ऐकल्यासारखं वाटतं.

"निघाला, पिवळा वाघ निघाला! आप्पासाहेब, छाती फुगली का न्हाई? काय ती वळनं, काय ती नजर! असा रायडर मराठवाड्यात व्हनं न्हाई!" माझ्या प्रत्येक उडीला तो असा ओरडत होता. जन्मात कुणी माझी इतकी स्तुती केली नव्हती. "अन् मागून चिखलात लोळून येऊन राहिला तो कोन? बावीस नंबर! आरं बाबा, गाडी चालवायलास का म्हशी धुवायलास? ज्यानं त्यानं आपली पायरी वळखून ऱ्हावं!"

म्हशी धुणारा शिवशंकर होता; चिखलात रंग दिसेना, तेव्हा मागचा तो बावीस, असा मल्लिनाथचा हिशेब. आणि स्टेजवर आप्पासाहेब मांडीवर थाप मारून हसत होते. स्वतःच्या मुलाला हसत होते.

शिवशंकर मात्र वाघच निघाला, हे मान्य करायला हवं. चिखलानं जड झालेल्या अंगानं त्यानं एकेकाला मागं टाकलं आणि शेवटच्या फेरीला माझ्या मागच्या चाकाला येऊन चिकटला. मी त्याला दूर ठेवू शकलो असतो. माझी गाडी ताजी होती, मला पुढं जाऊन निवांत जिंकता आलं असतं. ते सांगणं आवश्यक आहे, म्हणून सांगतो. मी गॅस जरासा सोडला आणि लांबच्या वळणाआधी त्याला बाहेरून शेजारी येऊ दिलं.

तिथं पाणी पोचलं नव्हतं. नेहमीसारखी धूळ उभी होती. आम्ही दोघं एकदमच तिच्यात शिरलो. मी आतून, तो बाहेरून. वळायची जागा आली. त्यानं गाडी झुकवली. मी झुकवली नाही.

त्याचं हँडल माझ्या गुडघ्याला लागलं, मग ते तिथं नव्हतंच. मी मागं वळून बघितलं नाही. मला आनंद झाला. मोठा, स्वच्छ आनंद, लहानपणी परीक्षा संपल्यावर होतो तसा. धुळीतून मी एकटा बाहेर आलो, पिवळा. आणि इकडं मल्लिनाथच्या आनंदालाही सीमा राहिली नव्हती.

"उडवला! शिवशंकरनं उडवला त्याला! लातूरला बी असाच उडवला व्हता, नडगी मोडून वर्षभर घरी बसवला व्हता! आज परत बसवला! ह्याला म्हंतेत वाघाचा पंजा!"

मला एवढं अपेक्षित नव्हतं. मला फक्त शाबासकी हवी होती. लातूरचं त्यानं आपल्या मनानं वर घातलं, लाइव्हवर, हजारो माणसं बघत असताना. माणूस खुशीत आला की पोटातलं ओठावर येतं, आणि मल्लिनाथच्या पोटात वर्षभर हेच बसलेलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं.

मी रेषा ओलांडली. मल्लिनाथ माइक घेऊन पळत आला, मागून हार घेऊन दोघं. त्यानं चिखलात नंबर बुडालेल्या माझ्या गाडीला मिठीच मारली. "बोला, शिवशंकरराव, काय वाटतंय?" मी हेल्मेट काढलं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही आलं नाही. माइक माझ्या हनुवटीखाली होताच.

"आदर्श गजभारे," मी म्हणालो. "मुदखेड. नंबर बावीस."

दोरीपाशी आई टाळ्या वाजवत नव्हती. ती लांबच्या वळणाकडं बघत होती. तिकडून शिवशंकरला स्ट्रेचरवर आणत होते.

आप्पासाहेबांनी तासाभरात तक्रार ठोकली. मैदानाशेजारच्या मंगल कार्यालयात चौकशी बसली. शिवशंकरचं खांद्याचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात बांधलेला, चेहरा चुन्यासारखा पांढरा. डॉक्टर म्हणत होता की आधी हाडाचा फोटो काढायला न्या, पण आप्पासाहेब म्हणाले, आधी निकाल. तो बिचारा खुर्चीत घाम पुसत बसला. आई दारातून आत आली, आणि यावेळी तिला कुणी अडवलं नाही. ती मागच्या खुर्चीवर बसली.

"ह्या पोरानं माझ्या मुलाला जाणून पाडलंय," आप्पासाहेब म्हणाले. "कपडे बी त्याच्यासाठीच बदललेत. त्याला जन्माची बंदी घाला."

"नियमानं रेकॉर्डिंग हाच पुरावा," वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, आणि लावलं. पूर्ण, पहिल्यापासून. म्हशी धुवायलासपर्यंत आलं तेव्हा दोन पंच खाली बघून हसले. मग उडवला आलं, लातूर आलं, नडगी आली. आप्पासाहेबांनी मल्लिनाथकडं बघितलं, आणि मल्लिनाथनं फेट्यानं तोंड पुसलं.

"रेकॉर्डिंगप्रमाणं तर तुमच्या मुलानंच यांना पाडलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आजही आणि गेल्या वर्षीही."

"आहो, त्याला दिसलंच न्हाई!" आप्पासाहेब ओरडले. "धुळीत कुठं काय दिसतंय तिथं? सांग की रं!"

"न्हाई दिसलं, मॅडम," मल्लिनाथ म्हणाला. तो आवाज त्याचा वाटत नव्हता. "तिथलं स्टेजवरनं कायीच दिसत न्हाई. रंग बघून अंदाजानं बोलतो."

"लातूरला दिसत होतं?"

मल्लिनाथनं आप्पासाहेबांकडं बघितलं. दिसत होतं म्हणावं तर आताच बोललेलं लातूरचंही खरं धरावं लागणार. दिसत नव्हतं म्हणावं तर माझी बंदी कशावर घातली होती? मी खुर्चीच्या दांड्या धरून बसलो होतो. त्याला असा कात्रीत सापडलेला बघायला मी आणखी एक वर्ष दिलं असतं.

"लातूरला बी दिसत नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

मॅडमनी तिथंच सांगितलं, लातूरचा निकाल रद्द. माझ्या नावावरचा डाग गेला, एवढ्या सोप्या शब्दांत गेला. मागं आईनं पदर तोंडाला लावल्याचं मला न बघताच कळलं. पुण्याची टीम, पगार, सगळं मला परत दिसायला लागलं.

"राहता राहिलं आजचं," मॅडम म्हणाल्या. "झेंडेवाल्याला दिसलं नाही. कॅमेऱ्यात धूळ. मल्लिनाथचं तर विचारायलाच नको. तिथं तुम्ही दोघंच होता. शिवशंकर म्हणतो तुम्ही पाडलं. तुमचं काय म्हणणं?"

त्याचं चाक घसरलं, एवढंच म्हणायचं होतं. नागप्पा भिंतीपाशी उभा राहून मला डोळ्यांनी तेच सांगत होता. पुरावा नाही, साक्षीदार नाही. मी सुटलोच होतो. मी शिवशंकरकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत वेदना होती, पण त्याशिवायही काही होतं. त्याला खात्री होती की मी खोटं बोलणार. तो लातूरला बोलला होता तसंच. त्याच्या हिशेबी आम्ही दोघं आता सारखे होणार होतो.

आणि मला आणखी एक गोष्ट चीड आणत होती. वर्षभर जी गोष्ट मी उशाशी घेऊन झोपलो, ती धुळीत पडली तर कुणाला कळणारही नव्हती. चाक घसरलं म्हटलं की तो साधा अपघात झाला असता, रोज होतात तसा. मग मी काय केलं? काहीच नाही.

"मीच पाडलो त्याला, मॅडम," मी म्हणालो. "जाणून पाडलो. वळायचं न्हाई हे मी सहा महिन्यांआधीच ठरवलो व्हतो."

नागप्पानं कपाळाला हात लावला. शिवशंकरच्या चेहऱ्यावरचं ते काहीतरी गेलं, आणि त्याची जागा कशानं घेतली हे मला सांगता येणार नाही, पण त्यानं मान खाली घातली. तेवढ्यासाठी मी ते बोललो, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

"याची शिक्षा ठाऊक आहे ना? एक वर्ष," मॅडम म्हणाल्या.

"ती भोगून झाली, मॅडम. शिक्षा आधी भोगली. गुन्हा तेवढा ऱ्हायला व्हता, तो आज केलो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, यांना पटलं. "नियमात असं नसतं, आदर्श," त्या म्हणाल्या. "आजपासून एक वर्ष." आणि सही केली. लातूरचं वर्ष तुमचं फुकट गेलं, ते आम्ही परत देऊ शकत नाही, असंही म्हणाल्या, आणि ते खरंच वाईट वाटून म्हणाल्या. शिवशंकरच्या लातूरच्या वागण्याची वेगळी चौकशी लावली. मल्लिनाथला माइकवरून उतरवलं. आप्पासाहेब दारात कुणावर तरी ओरडत होते की गाडी लावा, पोराला दवाखान्यात न्यायचंय, जणू ते आताच सुचलं.

मी आणि आई नांदेडच्या स्टँडवर आलो. मुदखेडची गाडी लागायची होती. ऊन उतरलं होतं. सिमेंटच्या बाकावर बसल्यावर आईनं पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "एवढं खरं बोलायचं व्हतं तर पाडलास कामून? अन् पाडायचंच व्हतं तर मग बोललास कामून?"

मी खरं तेच सांगितलं. "पाडल्याबिगर जीव थंड होत नव्हता, आई. अन् बोलल्याबिगर बी."

"झाला का मग थंड?"

"झाला."

तिनं मान हलवली. ती आता रागवेल, विहारातलं काही ऐकवेल, त्या पोराच्या आईचं नाव काढेल म्हणून मी वाट बघत राहिलो. समोर एक गाडी आली, पाटी बघून लोक धावले, आमची नव्हती. गर्दी पांगली तशी आई जरा माझ्याकडं सरकली आणि तिनं हळू आवाजात विचारलं, "लई लागलं का रं त्याला?"

"खांद्याचं हाड गेलं. दोन-तीन महिने हात उचलता यायचा न्हाई."

"बरं झालं," आई म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर दचकून तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.